रणगाडा बंद पडला, आता काम कुणाचं?

पुण्याच्या खडकी छावणीत लष्कराच्या दोन मोठ्या आस्थापना आहेत. सेंट्रल आर्मर्ड फायटिंग व्हेइकल डेपोत रणगाड्यांचे आणि चिलखती गाड्यांचे सुटे भाग साठवले जातात आणि मागणी येईल तसे तुकड्यांना पाठवले जातात. ५१२ आर्मी बेस वर्कशॉपमध्ये वापरून थकलेली लष्करी सामग्री पूर्ण खोलली जाते, झिजलेले भाग बदलले जातात आणि ती पुन्हा उभी केली जाते. डेपो आर्मी ऑर्डनन्स कोअरचा. वर्कशॉप ईएमईचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स कोअरचं. रणगाडा वापरणारे आर्मर्ड कोअरचे, त्यांचं प्रशिक्षण अहिल्यानगरला. रणगाडा बनतो चेन्नईजवळच्या अवाडीत, आणि तो टी-७२ किंवा टी-९० असेल तर मूळ आराखडा रशियाचा. एका यंत्राशी इतक्या जणांचा संबंध येतो. यंत्र चालू असतं तोवर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ते बंद पडलं की प्रश्न उभा राहतो, आता काम कुणाचं?

या प्रश्नाचं उत्तर यंत्र बंद पडण्याच्या कितीतरी आधी, शांततेच्या काळात, कागदावर ठरलेलं असावं लागतं. ज्याच्यावर काम सोपवलं त्याच्या हाती हत्यारं, सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि निर्णयाचा अधिकारही असावा लागतो. यातलं एक जरी कमी पडलं तरी जबाबदारी फक्त कागदावर उरते. पैशाची आणि हुशारीची कमतरता नसलेल्या देशांनाही याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागली आहे.

सैन्यात दुरुस्तीची कामं पायऱ्यांनी वाटलेली असतात. पहिली पायरी म्हणजे यंत्र वापरणारा स्वतः. टी-७२ मध्ये तिघे असतात: कमांडर, गनर आणि ड्रायव्हर. तेल-पाणी बघणं, ट्रॅकचा ताण तपासणं, ढिले बोल्ट आवळणं, गोळाबारीनंतर तोफेची नळी साफ करणं ही कामं त्यांची. राजस्थानच्या वाळवंटात एअर फिल्टर साफ ठेवणं तर फार महत्त्वाचं, कारण बारीक धूळ इंजिनात शिरली की सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा झपाट्याने झिजतात. हे काम मेकॅनिकवर सोडता येत नाही. एका रेजिमेंटमध्ये चाळीसहून अधिक रणगाडे असतात, त्या प्रत्येकामागे रोज एक उभा राहील इतके मेकॅनिक कुठल्याच सैन्याकडे नसतात. शिवाय इंजिनाचा आवाज बदलला, गिअर पडताना धक्का बसला, हे रोज त्याच यंत्रात बसणाऱ्याला सगळ्यात आधी कळतं.

दुसरी पायरी रेजिमेंटबरोबरच राहणाऱ्या ईएमईच्या छोट्या तुकडीची. तिला लाइट एड डिटॅचमेंट म्हणतात, बोलताना नुसतं ‘एलएडी’. चालक दलाच्या आवाक्याबाहेरचे पण जागेवर निस्तरता येणारे बिघाड ही तुकडी काढते. रणगाडा चिखलात रुतला किंवा सुरुंगावर गेला तर त्याला ओढून आणायला रिकव्हरी वाहन लागतं. आपल्याकडे डब्ल्यूझेडटी-३ हे पोलंडच्या आराखड्याचं वाहन बीईएमएल या सरकारी कंपनीने बनवलं आहे. त्यानंतर फील्ड वर्कशॉप, आणि सगळ्यात मागे बेस वर्कशॉप. देशात अशी आठ आर्मी बेस वर्कशॉप्स आहेत. दिल्लीच्या ५०५ क्रमांकाच्या वर्कशॉपमध्ये रणगाड्यांचं ओव्हरहॉल होतं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथून पहिला ओव्हरहॉल केलेला टी-९० बाहेर पडला. ओव्हरहॉल ही नुसती मोठी दुरुस्ती नव्हे. त्यात रणगाडा शेवटच्या खिळ्यापर्यंत सुटा होतो, प्रत्येक भाग मोजला जातो आणि मग जोडणी पुन्हा नव्याने होते.

कुठलं काम कुठल्या पायरीवर करायचं, हे ठरवताना मुख्य विचार असतो तो वेळेचा. लढाई जवळ असेल तर दुरुस्ती शक्य तितकी पुढे करायची, हा सगळ्याच सैन्यांचा नियम. मागे पाठवलेला रणगाडा त्या लढाईपुरता गेलाच म्हणून समजायचा. पण पुढे शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात क्रेन, वेल्डिंगचा संच आणि तपासणीची नाजूक उपकरणं घेऊन बसता येत नाही. म्हणून पुढच्या पायरीवर बिघडलेला भाग दुरुस्त करत न बसता आख्खा काढून दुसरा बसवतात आणि बिघडलेला भाग मागे जातो. ही सोय यंत्राच्या रचनेतच असावी लागते. जर्मन लेपर्ड-२ मध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि कूलिंगची यंत्रणा एकाच संचात असते, त्यामुळे क्रेन हाताशी असेल तर तासाभराच्या आत तो संच बदलता येतो. टी-७२ ची रचना वेगळी आहे आणि तिथे इंजिन बदलायला कितीतरी अधिक वेळ जातो. म्हणजे दुरुस्तीची जबाबदारी कुठल्या पायरीवर द्यायची हे अर्धंअधिक आराखडा काढणाऱ्याच्या टेबलावरच ठरतं. वर्कशॉपमधल्या माणसाला नंतर त्यात फार थोडं बदलता येतं.

पायऱ्यांमधलं अंतर भूगोलही ठरवतो. २०२० नंतर पूर्व लडाखमध्ये मोठ्या संख्येने रणगाडे गेले. तिथली विरळ हवा आणि कडाक्याची थंडी इंजिनं, रबरी सील, बॅटऱ्या या सगळ्यांची परीक्षा घेते. प्रत्येक मोठ्या बिघाडासाठी रणगाडा खिंडी ओलांडून मैदानात आणणं परवडणारं नव्हतं. म्हणून सैन्याने न्योमा आणि दौलत बेग ओल्डीच्या भागात, १४,५०० फुटांहून अधिक उंचीवर, मध्यम दुरुस्तीची केंद्रं उभी केली. जगातल्या सर्वांत उंचावरच्या रणगाडा दुरुस्ती केंद्रांत त्यांची गणना होते. मागच्या पायरीचं काम पुढे न्यायचं ठरलं तेव्हा माणसं, क्रेन, गरम राहणाऱ्या शेड आणि भागांचा साठाही पुढे न्यावा लागला. नुसता आदेश काढून काम पुढे जात नाही, हे यातून दिसतं.

मग दुरुस्ती ईएमईची असेल तर तुकडीच्या प्रमुखाची काय जबाबदारी? तर ती पूर्ण त्याचीच. अमेरिकन सैन्याच्या देखभालीच्या नियमावलीतलं मूळ सूत्रच हे आहे की देखभाल ही कमांडरची जबाबदारी आहे. मेकॅनिक कौशल्य देतो. यंत्राला दुरुस्तीसाठी वेळ द्यायचा की सरावासाठी आणखी आठ दिवस पळवायचं, हा निर्णय मात्र कमांडरचा असतो आणि बहुतेक यंत्रं या निर्णयावरच टिकतात किंवा मोडतात. देखभालीचे दिवस सरावाच्या वेळापत्रकातून पहिल्यांदा कापले जातात. असं कापणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचा जाब विचारण्याची सोय नसेल तर पायऱ्यांची उत्तम रचनाही पोकळ ठरते, असं मला वाटतं.

एका यंत्राचे भाग काढून दुसरं चालू करणं, ज्याला ‘कॅनिबलायझेशन’ म्हणतात, तेही असंच अधिकाराशी बांधलेलं आहे. प्रत्येकाने आपल्या मर्जीने भाग काढायला सुरुवात केली तर महिन्याभरात निम्मी यंत्रं सांगाडे होतील, म्हणून ठरावीक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हे करू देत नाहीत. पण परिस्थिती कधी कधी परवानगी द्यायला भाग पाडते. भारताने १९८६ मध्ये स्वीडनच्या बोफोर्स कंपनीकडून ४१० तोफा घेण्याचा करार केला. १९८७ मध्ये लाचखोरीचे आरोप झाले, कंपनीशी व्यवहार थांबले आणि त्याबरोबर सुट्या भागांचा ओघही आटला. काही तोफांचे भाग काढून बाकीच्या चालत्या ठेवाव्या लागल्या. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर मारा केला तो याच तोफांनी, आणि त्या वेळी त्या चालू स्थितीत ठेवणाऱ्या कारागिरांचं श्रेय फार कमी वेळा सांगितलं जातं. आरोपांची चौकशी व्हायलाच हवी होती. पण तोफा आपल्या ताब्यात असताना त्यांचे भाग कुठून आणायचे, याचं उत्तर देण्याची जबाबदारी कुणावरच नव्हती, ही चूक वेगळी आणि ती आपली.

दुरुस्तीसाठी सैन्यात स्वतंत्र कोअर असावं, ही कल्पना फार जुनी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्यात ऑर्डनन्स कोअर, इंजिनिअर्स, सर्व्हिस कोअर आणि सिग्नल्स यांच्या आपापल्या कर्मशाळा होत्या. कुशल फिटर एका ठिकाणी रिकामा बसलेला आणि दुसऱ्या ठिकाणी रणगाडे रांगेत उभे, असं चित्र होतं. १९४१ मध्ये सैन्यातल्या कुशल माणसांचा वापर कसा होतो हे तपासायला सर विल्यम बेव्हरिज यांची समिती नेमली गेली. ब्रिटनच्या समाजकल्याण योजनेचा पाया घालणारे ते हेच बेव्हरिज. समितीला आढळलं की कारागीर पुरेसे आहेत, पण ते विखुरलेले आहेत. १ ऑक्टोबर १९४२ रोजी ‘रीमी’ हे दुरुस्तीचं स्वतंत्र कोअर उभं राहिलं. मेजर जनरल बर्ट्रम रोक्रॉफ्ट त्याचे पहिले प्रमुख. भारतात हे कोअर पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये सुरू झालं. ईएमई आपला कोअर दिवस आजही १५ ऑक्टोबरला पाळतं.

हा बदल किती दूरगामी ठरला हे उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात दिसलं. तिथे रणांगण ज्याच्या हाती राहतं, त्याला मोडलेले रणगाडे ओढून आणता येतात, दुसऱ्याला ते सोडून द्यावे लागतात. रात्रभर काम करून सकाळी पुन्हा उभा केलेला रणगाडा हा कारखान्यातून नव्याने आलेल्या रणगाड्याइतकाच मोलाचा असतो, आणि तो महिने न लावता काही तासांत मिळतो. ओढून आणणं आणि दुरुस्त करणं ही दोन्ही कामं एकाच संघटनेकडे असल्याने ते जमतं.

आता ज्या घटनेने दुरुस्तीच्या जबाबदारीचा सगळा विचार बदलला तिच्याकडे वळतो. २ सप्टेंबर २००६ रोजी अफगाणिस्तानात कंदहारजवळ ब्रिटिश हवाई दलाचं निमरॉड जातीचं टेहळणी विमान, क्रमांक एक्सव्ही २३०, हवेतच इंधन भरून घेतल्यावर काही मिनिटांत पेटलं आणि कोसळलं. आतले १४ जण गेले. १९६९ पासून सेवेत असलेलं ते विमान होतं. पंखाच्या मुळाजवळच्या एका कप्प्यात अतिशय गरम हवेची नळी होती, आणि इंधन तिथवर पोचू शकत होतं. गळालेलं किंवा उतू गेलेलं इंधन त्या नळीला लागलं आणि आग पेटली. कप्प्यात आग ओळखणारी किंवा विझवणारी काही सोय नव्हती.

तो धोका एका दिवसात जन्मलेला नव्हता. गरम हवेची मूळ नळी, नंतर बसवलेली वातानुकूलनाची जोड, आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धाच्या घाईत आलेली हवेत इंधन घेण्याची सोय, असे तीन बदल वेगवेगळ्या दशकांत झाले. प्रत्येक बदल त्या त्या वेळी त्या त्या माणसांनी तपासला होता. तिन्ही एकत्र आल्यावर काय होईल, हे बघणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं.

२००१ ते २००५ दरम्यान ही त्रुटी सापडण्याची खरी संधी होती. निमरॉडचे सगळे धोके नोंदवून ते आटोक्यात आहेत हे सिद्ध करणारा अहवाल तयार करायचा होता. तो लिहिणार होती विमान बनवणाऱ्या कंपनीची वारसदार बीएई सिस्टिम्स. देखरेख संरक्षण मंत्रालयाच्या प्रकल्प गटाची. स्वतंत्र सल्लागार म्हणून क्विनेटिक ही कंपनी. २००९ मध्ये चार्ल्स हॅडन-केव्ह यांचा चौकशी अहवाल आला आणि त्यातून जे समोर आलं ते सुन्न करणारं होतं. बीएईच्या अहवालातले ४० टक्क्यांहून अधिक धोके ‘उघडे’ म्हणजे न निस्तरलेले सोडलेले होते आणि ३० टक्क्यांहून अधिक धोक्यांचं वर्गीकरणच झालेलं नव्हतं. लिहिणाऱ्याने गृहीत धरलं की देखरेख करणारे बघतील. देखरेख करणाऱ्यांनी गृहीत धरलं की विमान इतकी वर्षं उडतंय म्हणजे सुरक्षितच असणार. सल्लागाराने नीट न वाचता मान डोलावली. सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि अहवाल कपाटात गेला. हॅडन-केव्ह यांनी संस्थांबरोबर दहा व्यक्तींवरही नावासकट ठपका ठेवला.

त्यानंतर एप्रिल २०१० मध्ये ब्रिटनने लष्करी विमानांसाठी स्वतंत्र नियामक संस्था स्थापन केली आणि ‘ड्यूटी होल्डर’ ही पद्धत आणली. प्रत्येक विमानप्रकारामागे ठरलेल्या दर्जाचा एक माणूस, त्याच्या नावावर जिवाच्या धोक्याची वैयक्तिक आणि कायदेशीर जबाबदारी. विमान सुरक्षित वाटत नसेल तर उड्डाण थांबवण्याचा अधिकारही त्याचाच. समितीवर, खात्यावर किंवा कंपनीवर ती ढकलता येत नाही. माझ्या मते या पद्धतीचं मोल अधिकार आणि जबाबदारी एकाच माणसाकडे बांधण्यात आहे. नुसतं नाव लिहून अधिकार दिला नाही तर तो माणूस दोषाचा धनी होतो, सुरक्षेचा नाही.

भारतीय हवाई दलातही या विचाराचं जुनं रूप आहे. प्रत्येक विमानाबरोबर ‘फॉर्म ७००’ ही नोंदवही असते. काम करणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही, आणि शेवटी विमान ताब्यात घेणाऱ्या वैमानिकाची सही. त्या वहीवर सही झाल्याशिवाय विमान उडत नाही. मोठी कामं मागच्या पायरीवर जातात. नाशिकजवळ ओझरला हवाई दलाचा ११ क्रमांकाचा बेस रिपेअर डेपो आणि विमानं बनवणाऱ्या एचएएल या सरकारी कंपनीचा कारखाना शेजारी शेजारी आहेत. तिथल्या हवाई दलाच्या कारागिरांनी २०१८ मध्ये सुखोई-३० एमकेआयचं आपल्याच डेपोत केलेलं पहिलं ओव्हरहॉल पूर्ण केलं. मुंबईची नौदल गोदी तर १७३५ सालची. जहाजाच्या बाबतीतही वाटणी तशीच असते: रोजची देखभाल जहाजावरच्या नाविकांची आणि मोठा रिफिट गोदीचा.

गेल्या वीसेक वर्षांत या वाटणीत नवा भागीदार आला आहे, तो म्हणजे यंत्र बनवणारी कंपनी. पूर्वी कंपनी यंत्र विकून बाजूला व्हायची. आता यंत्रातला मोठा भाग सॉफ्टवेअर आणि बंद इलेक्ट्रॉनिक पेट्यांचा असतो, आणि त्या उघडण्याची माहिती कंपनी आपल्याजवळ ठेवते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एका मरीन अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात लिहिलं की जपानमध्ये असलेल्या त्यांच्या तुकडीला इंजिनं दुरुस्तीसाठी अमेरिकेतल्या कंत्राटदाराकडे जहाजाने पाठवावी लागली, कारण करारात तसं लिहिलं होतं. दुरुस्ती करू शकणारे कुशल मेकॅनिक तिथेच होते. एफ-३५ लढाऊ विमानाचं उदाहरण याहून मोठं. मार्च २०२३ मध्ये ही विमानं कामगिरीला तयार असण्याचं प्रमाण सुमारे ५५ टक्के होतं, अपेक्षेपेक्षा खूप कमी. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षकांनी दुरुस्ती डेपोंमधली दिरंगाई, सुट्या भागांची टंचाई आणि तांत्रिक माहितीचा अभाव यांवर बोट ठेवलं. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण मंत्र्यांनी सैन्याला सांगितलं की पुढच्या करारांत स्वतः दुरुस्ती करण्याचा हक्क लिहून घ्या.

कंपनीला सोबत घेण्याचा एक चांगला मार्गही आहे. राफेलच्या २०१६ च्या करारात भारताने कामगिरीवर आधारित देखभालीची अट घातली. ताफ्यातली किमान ७५ टक्के विमानं उड्डाणाला तयार ठेवण्याची हमी कंपनीने द्यायची. इथे पैसे किती भाग दिले यावर मिळत नाहीत, विमानं किती तयार आहेत यावर मिळतात. मला ही पद्धत पटते, एका अटीवर. करार संपेल त्या दिवशी आपले तंत्रज्ञ ते काम हाती घेऊ शकतील, इतकं शिक्षण आणि माहिती करारातच लिहून घेतलेली हवी. आपल्या खरेदी प्रक्रियेत त्याची एक जागा आहे. चाचण्यांच्या वेळी ईएमईचे तंत्रज्ञ नवं शस्त्र खोलून बघतात. हत्यारं पुरेशी आहेत का, तपासणीची उपकरणं आहेत का, दुरुस्तीची पुस्तकं पूर्ण आहेत का. रणगाडा किती वेगाने पळतो आणि तोफ किती लांब मारते हे सगळ्यांना बघायचं असतं. पण तीस वर्षं ते यंत्र कोण चालतं ठेवणार हे या चाचणीत ठरतं, आणि तिचे निष्कर्ष किमतीइतकेच गांभीर्याने घेतले पाहिजेत.

बेस वर्कशॉप्स सरकारी मालकीची ठेवून चालवायला खासगी कंपन्यांना द्यावीत का, हा प्रश्नही आता पुढे आला आहे. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षण मंत्री असताना २०१६ मध्ये निवृत्त लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांची समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींपैकी ६५ सरकारने २०१७ मध्ये स्वीकारल्या आणि सैन्याच्या दुरुस्ती पायऱ्यांची फेररचना त्यातच होती. खासगीकरणाच्या कल्पनेला संरक्षण क्षेत्रातल्या कामगार संघटनांनी विरोध केला. ओव्हरहॉलचं काम सैन्याने स्वतःच केलं पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण युद्ध सुरू झालं की पुढच्या पायऱ्यांवर माणसं मागच्याच पायरीतून जातात. शांततेत ओव्हरहॉल करून हात बसलेला मेकॅनिकच लढाईत फील्ड वर्कशॉपमध्ये उपयोगी पडतो. वर्कशॉप कंपनीकडे गेलं तर तो हात कुठे तयार होणार, याचं उत्तर करारात लिहिलेलं असलं पाहिजे.

संरक्षण खरेदीच्या बातम्या आपण उत्साहाने वाचतो: किती विमानं, किती तोफा, किती हजार कोटी. पुढची अशी बातमी वाचाल तेव्हा त्यात हेही शोधा, की ही यंत्रं दुरुस्त कोण करणार, कुठल्या पायरीवर आणि सुटे भाग कुठून येणार. सापडलं नाही तर आपल्या खासदाराला विचारा. संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती आहे आणि कॅगचे अहवाल सर्वांसाठी खुले असतात.